ओरल सर्जनची दुसरी पदवी आणि आपण

दंतवैद्यकाची पदवी घेऊन पुढे मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळविणाऱ्या ओरल सर्जनने आधुनिक वैद्यकाचीही पदवी घ्यावी काय, हा विषय आपल्या त्रैमासिकात घेणे काही वाचकांना अस्थानी वाटेल. दंतवैद्यांचे प्रश्न दंतवैद्य पाहतील, असेही कोणी म्हणेल. परंतु 'एक पदवी पुरे की दोन हव्यात' हा प्रश्न गेली कित्येक वर्षे आपल्याही दाराशी उभा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रकर्मांची यादी अधिसूचनेद्वारे स्पष्ट करून दिली. त्यांत ३९ शल्याची, १९ शालाक्याची होती आणि दात काढणे व दंतमुळाची चिकित्सा हीदेखील होती. त्यावर ११ डिसेंबर २०२० रोजी आय.एम.ए.ने देशव्यापी बंद पुकारला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी पदवीचे नाव फार उच्चारले गेले; रुग्णाचे त्यामानाने कमी. स्वतःच्या घरातील वाद आपण अभिनिवेशाने घालतो, शेजारच्या घरातील तोच वाद मात्र शांतपणे पाहता येतो. म्हणून हा प्रपंच.

प्रथम थोडा इतिहास, कारण या वादाचे मूळ ज्ञानात नसून घरवाटणीत आहे. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले. तेथील वैद्यक महाविद्यालयाने दंतविषय आपल्यात सामावून घेण्यास नकार दिला म्हणून ते वेगळे काढावे लागले, असे सांगितले जाते. इतिहासकारांत त्याविषयी मतभेद आहेत. पण वाटणी झाली ती झालीच. दात व हिरड्या एका घरात गेल्या आणि त्यांना रक्त पुरविणारे हृदय दुसऱ्या घरात राहिले. गंमत अशी की, या वाटणीनंतर अवघ्या सहा वर्षांत, १८४६ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरची भूल जाहीररीत्या देऊन दाखविणारा मॉर्टन हा दंतवैद्य होता. त्याच्या आधी नायट्रस ऑक्साइडचा प्रयोग करणारा होरेस वेल्स हाही दंतवैद्यच. समस्त शल्यशास्त्राला वेदनामुक्तीची वाट दाखविणाऱ्या या दोघांकडेही वैद्यकाची पदवी नव्हती.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न निकडीचा झाला. खंदकातून डोके वर काढताच गोळी चेहऱ्यावर लागे. जबडे फुटलेले, ओठ-गाल नाहीसे झालेले सैनिक शेकड्यांनी येऊ लागले. फ्रान्समध्ये व्हॅलॅडिये नावाचा दंतवैद्य हे जबडे सांधण्यात निष्णात होता. पण वैद्यकाची पदवी नसल्यामुळे त्याने शस्त्रक्रिया शल्यविशारदाच्या देखरेखीखाली करावी असा नियम होता. ही देखरेख ज्याच्याकडे आली तो हॅरॉल्ड गिलीज हा कान-नाक-घशाचा तरुण शल्यविशारद. देखरेख करता करता तोच शिकला आणि पुढे प्लास्टिक सर्जरीचा अध्वर्यू ठरला. १९१७ मध्ये इंग्लंडात सिडकप येथे चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले, तेथे गिलीज मृदू धातूंचे काम पाही आणि केल्सी फ्राय अस्थींचे व दातांचे. या फ्रायपाशी वैद्यक आणि दंतवैद्यक या दोन्ही विद्या होत्या.

(नाक जोडण्याच्या विद्येचे मूळ पुण्यात आहे आणि कावसजीचे नाक जोडणारा कारागीर कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता, हे आपण संमेलनांतून इतक्या वेळा सांगितले आहे की येथे त्याची पुनरुक्ती करीत नाही.)

मला या सर्वांत अधिक बोलके वाटते ते काझानजियन यांचे उदाहरण. आर्मेनियन वंशाचा हा मनुष्य अमेरिकेत आला, तारेच्या कारखान्यात राबला, हार्वर्डमधून दंतवैद्य झाला आणि १९१५ पासून ब्रिटिश सैन्याच्या रुग्णालयात त्याने हजारो जखमी चेहऱ्यांवर उपचार केले. इंग्लंडच्या राजाने त्याचा सन्मान केला. युद्ध संपल्यावर हे गृहस्थ चाळिशीत पुन्हा हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९२१ मध्ये एम.डी. झाले! रणांगणावर जे हात चालले, त्यांना शांततेच्या काळात पूर्ण शल्यविशारद म्हणून वावरण्यासाठी दुसरे प्रमाणपत्र लागले. पुढे १९४१ मध्ये ते हार्वर्डचे प्लास्टिक सर्जरीचे पहिले प्राध्यापक झाले. त्या दुसऱ्या पदवीने त्यांना काय दिले? शस्त्र धरण्याचे कौशल्य निश्चितच नव्हे. ते तर आधीच होते. पदवीने अधिकार दिला. आणि, हेही मान्य केले पाहिजे, चेहऱ्याच्या पलीकडचे शरीर पाहण्याची शिस्त दिली.

आज निरनिराळ्या देशांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ब्रिटनमध्ये मुख व जबड्याची शल्यचिकित्सा ही वैद्यकाची शाखा मानली जाते व तिच्यासाठी दोन्ही पदव्या आवश्यक आहेत. जर्मनीत तसेच, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही तसेच. स्पेन व इटलीमध्ये केवळ वैद्यकाच्या पदवीवर जबड्याचा शल्यविशारद होता येते. अमेरिकेत दोन वाटा शेजारी शेजारी आहेत: दंतवैद्यकानंतर किमान चार वर्षांचे शल्यप्रशिक्षण, किंवा एम.डी. अंतर्भूत असलेले साधारण सहा वर्षांचे. या दुसऱ्या वाटेचा आरंभ १९७१ मध्ये गुरालनिक यांनी हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्स जनरल येथे केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोन्ही वाटांनी आलेल्यांना तेथील एकच मंडळ एकाच परीक्षेने प्रमाणित करते. चार वर्षांच्या वाटेनेही भूलशास्त्र, औषधवैद्यक व सामान्य शल्य या विभागांत काही महिने सक्तीने काम करावे लागते. अशी दुपदरी व्यवस्था पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि एका पदवीच्या शल्यविशारदाला कोणी अर्धा मानीत नाही.

आपल्या देशात बी.डी.एस.ची पाच वर्षे व एम.डी.एस.ची तीन, एवढ्यावर ओरल सर्जन सिद्ध होतो. तोच अपघातात फुटलेले जबडे सांधतो, दुभंगलेले ओठ-टाळू जुळवितो, गुटखा-मावा-खर्रा-मिश्रीने बंद होत चाललेले तोंड उघडतो आणि अनेक ठिकाणी मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियांत सहभागी असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. ती कितपत आहे हे प्रत्येक वैद्याला आपल्या रुग्णाचे तोंड उघडताच दिसते. या ओरल सर्जनला एम.बी.बी.एस. व्हायचे असेल तर मधल्या दाराने प्रवेश नाही. 'नीट' देऊन पहिल्या वर्षापासून साडेपाच वर्षे काढावी लागतात. २०२२ मध्ये या परीक्षेची कमाल वयोमर्यादा हटली, म्हणून ते आता शक्य आहे एवढेच. पाच, तीन आणि साडेपाच मिळून साडेतेरा वर्षे होतात. शरीररचनेचे तेच शवविच्छेदन, शरीरक्रियेचे तेच धडे दुसऱ्यांदा गिरवायचे. त्यासाठी लागणारा पैसा आणि तारुण्य कोणाकडून वसूल व्हायचे, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

तरीही दुसऱ्या पदवीच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. ओरल सर्जनपुढे येणारा रुग्ण हा केवळ जबडा नसतो. त्याला मधुमेह असतो, हृदयात स्टेंट असतो, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असते, वृक्क दुर्बल असतात. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी तिसऱ्या दिवशी येणारा ज्वर जखमेचा की फुप्फुसाचा, हे ओळखावे लागते. वृद्ध रुग्ण रात्री अचानक असंबद्ध बोलू लागला तर रक्तातील सोडियम पाहण्याचे सुचावे लागते. ज्याने औषधवैद्यकाच्या कक्षात वर्ष काढले आहे त्याला हे लवकर सुचते. येथे पुस्तक उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या बाजूनेही एक दाखला द्यावा लागेल. अस्थिक्षयासाठी व कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होऊ शकते, याकडे २००३ मध्ये वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील ओरल सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी. हे मूळचे दंतवैद्य. औषध लिहून देणारे सर्व एम.डी. होते, त्याचा दुष्परिणाम प्रथम दिसला तो जबडा रोज हाताळणाऱ्याला. उलट सुपारीने तोंड आखडण्याची आपल्याकडील व्याधी १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी वर्णिली. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. मुखरोग कोणत्या पदवीधराने पाहावा याची व्याधीला फिकीर नसते.

माझ्या चिकित्सालयात घडलेली एक हकिकत येथे सांगतो. तालुक्याच्या गावी माझे चिकित्सालय आहे. पन्नाशी उलटलेली एक शेतकरी स्त्री, मधुमेही, मिश्रीची सवय, दाढ दुखते म्हणून चार दिवस घरगुती लवंगतेलावर काढलेली, अशी सायंकाळी आली. हनुवटीखाली दोन्ही बाजूंस कठीण शोथ, जीभ वर उचललेली, लाळ गिळवत नव्हती, आवाज घोगरा. अशा रुग्णाचा श्वासमार्ग केव्हा बंद होईल याचा नेम नसतो. तत्काळ गाडी करून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी परिचयाच्या ओरल सर्जनकडे पाठविले आणि दूरध्वनी केला. ते दारात उभे होते. पण तेथील खासगी रुग्णालयाच्या नियमानुसार दंतवैद्यकाच्या पदवीधराच्या नावाने रुग्ण दाखल करता येत नव्हता, एखाद्या एम.डी. अथवा एम.एस.चे नाव हवे होते. ज्यांचे नाव नेहमी घातले जाई ते डॉक्टर परगावी लग्नाला गेलेले. दूरध्वनी, निरोप, पुन्हा दूरध्वनी. कागदावर नाव चढेपर्यंत दीड तास गेला. त्यानंतर भूलतज्ज्ञांनी श्वासमार्ग सुरक्षित केला, ओरल सर्जननी पूचा निचरा केला आणि नवव्या दिवशी ती स्त्री चालत घरी गेली. त्या संपूर्ण रात्री तिची साखर, नाडी, श्वास व मूत्रप्रमाण यांवर लक्ष ठेवून होता तो त्या रुग्णालयाचा रात्रपाळीचा निवासी डॉक्टर, आपलाच एक बी.ए.एम.एस. पदवीधर. कागदावर त्याचेही नाव नव्हते.

या प्रसंगात अडले कशावाचून? ओरल सर्जनला व्याधीचे ज्ञान होते, हात तयार होता. रुग्ण आपल्या जबाबदारीवर ठेवून घेण्याचा अधिकार नव्हता. रात्री जागणाऱ्या आपल्या वैद्याला रुग्णकक्षाचा अनुभव होता, तोही अधिकाराविना. आणि ज्यांच्या नावाला अधिकार होता ते लग्नघरी होते. साडेपाच वर्षांची आणखी एक पदवी घेऊन ओरल सर्जनचा दीड तास वाचला असता हे खरे. पण तो दीड तास रुग्णालयाच्या नियमातील एक ओळ बदलूनही वाचला असता!

म्हणून माझे मत असे आहे. दुसऱ्या पदवीतून ओरल सर्जनला जो खरा लाभ होतो तो दोन गोष्टींचा आहे: रुग्णकक्षातील वर्षे आणि संपूर्ण रुग्णाचे दायित्व. या दोन्ही गोष्टी पदवीपासून वेगळ्या काढून देता येतात. एम.डी.एस.च्या अभ्यासक्रमात औषधवैद्यक, सामान्य शल्य व भूल यांच्या विभागांतील नेमणुका लिहिलेल्या आहेतच. लिहिलेली नेमणूक आणि प्रत्यक्ष रात्रपाळी यांतील अंतर मात्र महाविद्यालयागणिक बदलते, आणि ज्या दंत महाविद्यालयाला स्वतःचे चालते रुग्णालय नाही तेथे ते फार मोठे असते. तीन वर्षांऐवजी चार वर्षे करा, चौथे वर्ष संपूर्ण सार्वजनिक रुग्णालयाच्या कक्षांत काढावयास लावा, परीक्षेत त्याचे गुण ठेवा आणि त्यानंतर रुग्ण स्वतःच्या नावाने दाखल करण्याचा अधिकार द्या. मुखकर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांना आणखी प्रशिक्षण लागेल. ते कान-नाक-घसा शल्यविशारदालाही लागतेच. ब्रिटनचे अनुकरण आपल्याला परवडणारे नाही. तेथेही स्वतंत्र कारभार हाती येईपर्यंत उमेदवाराची पस्तिशी उलटते.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच्या अध्यायांत या प्रश्नाची तीन अंगे वेगवेगळी करून ठेवली आहेत, याचे मला नेहमी नवल वाटते. केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे असमर्थ, हे तिसऱ्या अध्यायात. एकच शास्त्र शिकणाऱ्याला शास्त्राचा निश्चय होत नाही, म्हणून चिकित्सकाने बहुश्रुत व्हावे, हे चौथ्यात. या वचनाचा आधार घेऊन दोन पदव्यांचे समर्थन करणारे भेटतात. पण तेथे सांगितलेला उपाय त्या त्या शास्त्राच्या जाणकारांकडून ऐकून घेण्याचा आहे, प्रत्येक शास्त्राचा पदवीधर होण्याचा नव्हे. नवव्या अध्यायात योग्या, म्हणजे हाताचा सराव. आहरणकर्मासाठी फणस-बेलाचा गर आणि मृत पशूंचे दात सांगितले आहेत. आणि दहाव्या अध्यायात, एवढे सर्व झाल्यावर, राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात प्रवेश करावा असे म्हटले आहे. श्रुत, कर्म आणि अनुज्ञा. आजची पदवी या तिन्हींचा एकच गठ्ठा बांधून विकते आणि ज्याला त्यातील एकच हवे आहे त्यालाही संपूर्ण गठ्ठा घ्यावा लागतो.

आता आपल्याकडे वळतो. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांचा आधुनिक औषधे वापरण्याचा अधिकार १९६१ च्या अधिनियमावर व त्याखालील १९९२ आणि १९९९ च्या शासन आदेशांवर टेकलेला आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्तियार चंद प्रकरणात असा अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे सांगितले. २०१७ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग विधेयकात आयुष पदवीधरांसाठी सेतू अभ्यासक्रमाची तरतूद होती, ती २०१८ मध्ये वगळण्यात आली. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी राज्याने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून आधुनिक औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या प्रमाणपत्राचा मार्ग काढला आणि २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून पुन्हा संप-आंदोलने झाली. या प्रत्येक वेळी चर्चा अनुज्ञेची झाली. श्रुत व कर्म यांचे काय, हे कोणी फारसे विचारले नाही. आपल्या संघटनेच्या निवेदनांतही नाही, हे मी खेदाने लिहितो.

ओरल सर्जनला जो प्रश्न विचारावा तोच आपल्या तरुण पदवीधरालाही विचारला पाहिजे: हे नवे प्रमाणपत्र तुला कोणत्या कक्षात, कोणाच्या हाताखाली, किती रात्री उभे करणार आहे? उत्तर 'एकही नाही' असेल तर ते प्रमाणपत्र भिंतीसाठी आहे. उलट खासगी रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या, १०८ च्या रुग्णवाहिकेत रुग्णासोबत बसणाऱ्या आपल्या पदवीधरांचा जो अनुभव आज कोठेच नोंदला जात नाही, त्याची नोंदवही ठेवून, तपासून, मान्यता मिळविण्यासाठी संघटनेने आग्रह धरला तर त्याला अर्थ आहे. ५८ शस्त्रकर्मांच्या यादीचेही तसेच. दंतमुळाची चिकित्सा करण्याची अनुज्ञा शालाक्याच्या पदव्युत्तर वैद्याला मिळाली आहे. ती विद्यार्थिदशेत किती दातांवर करून पाहिली, हे त्याने स्वतःला विचारावे. दंतवैद्यांनी आपल्याला तोच प्रश्न विचारला तर रागावण्याचे कारण नाही.

आणि दुसरी पदवी येईपर्यंत रुग्ण थांबणार नाहीत. दोन शास्त्रांमधील पोकळी आज भरते ती चिठ्ठीने, आणि चिठ्ठी लिहिण्यात आपण सर्वच कमी पडतो. शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पाठविताना त्याची चालू औषधे लिहिली पाहिजेत: रक्त पातळ ठेवणारी, साखरेची, हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला किंवा वर्षाला घेतली जाणारी, आणि आपली स्वतःचीदेखील. लसणाचे कल्प मोठ्या मात्रेत चालू असतील तर तेही शल्यविशारदाला कळले पाहिजे. औषधविक्रेते बंधूंची येथे मोठी मदत होऊ शकते, कारण रुग्ण जे वैद्याला सांगत नाही ते दुकानाच्या फळीवर सांगतो. सांधेदुखीवर 'हमखास' म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. अशा पुड्या महिनोन्महिने घेतलेला रुग्ण दाढ काढताना वा भुलेखाली कोसळू शकतो, आणि त्याचे कारण कोणत्याही पदवीच्या डॉक्टरला सहजी उमगत नाही. तसली पुडी आपल्या दुकानात नसावीच. पण रुग्ण ती अन्यत्र घेत असल्याचे कळले तर चिठ्ठीवर एक ओळ वाढवावी.

आमच्या तालुक्यातील वैद्यांनी गेल्या वर्षीपासून अशी छापील चिठ्ठी सुरू केली आहे. वर रुग्णाचे नाव व वय, खाली चालू औषधे, तंबाखू-सुपारीची सवय, तोंड किती बोटे उघडते, आणि शेवटी पाठविणाऱ्याची सही व दूरध्वनी. जिल्ह्याचे ओरल सर्जन आता तीच चिठ्ठी मागे आपले निदान लिहून परत पाठवितात. नमुना ज्या शाखांना हवा असेल त्यांनी संपादकांकडे मागावा.